शेत विकत घेतल्यावर मागील बाकी व बोजे यांचें काय करावें?

वऱ्हाडांत शेताचे सौदे बहुधा पीक घरांत आल्यावर ठरतात व मृग लागण्यापूर्वीं ताबा होतो. घेणारा कास्तकार जमिनीचा कस पाहतो, विहिरीचें पाणी पाहतो, धुरे व वाट कोठून आहे हें पाहतो, आणि भावासाठीं चार दिवस घासाघीसहि करतो. परंतु त्या शेतावर सरकारचें, सहकारी संस्थेचें किंवा बँकेचें किती येणें आहे, ही गोष्ट पुष्कळ वेळां विकणाऱ्याच्या तोंडच्या शब्दावर सोडली जाते. मग खरेदीखत नोंदून व पैसे देऊन झाल्यावर, पहिलें पीक उभें असतां मागणीची नोटीस येते, आणि "देणें त्याचें होतें, शेत माझें आहे, मग मागणी मजकडे कां?" असा प्रश्न पडतो. त्या प्रश्नाचें उत्तर आम्ही येथें क्रमानें देत आहों.

१. मूळ तत्त्व

वऱ्हाड हा रयतवारी मुलूख. १८५३ च्या तहानें तो इंग्रजांच्या कारभाराखालीं आला व पुढें मुंबई इलाख्याच्या पद्धतीनें पाहणी होऊन प्रत्येक सर्व्हे नंबरावर आकार बसला. आकार नंबरावर बसला, मनुष्यावर नव्हे, हें ध्यानांत धरिलें म्हणजे पुढील सर्व उलगडा सोपा होतो. वऱ्हाडचा जमीन महसुलाचा कायदा १८९६ सालीं झाला, १९२८ सालीं त्याच्या जागीं दुसरा आला, नंतर मध्य प्रदेशाची १९५४ ची संहिता आली, आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही लागू आहे. त्या संहितेचीं ७२ व १६९ हीं दोन कलमें प्रत्येक खरेदीदारानें जाणावीं. जमिनीबद्दल थकलेला सारा हा त्या जमिनीवर व तिच्या प्रत्येक भागावर सर्वश्रेष्ठ बोजा होय. गहाण, हुकूमनामा, जप्ती वगैरे कोणतेंहि दुसरें देणें त्याच्या मागें उभें राहतें.

सारा वसूल करण्याचे मार्ग कलम १७६ मध्यें दिले आहेत. मागणीची नोटीस, जंगम मालाची जप्ती, स्थावराची जप्ती व विक्री, भोगवटा सरकारजमा करणें हे त्यांतील मुख्य. थकबाकीसाठीं भोगवटा सरकारजमा होऊन विकला गेला, तर आधीच्या भोगवटादारानें निर्माण केलेले बोजे व हक्क यांतून तो मोकळा होऊन विकला जातो. लिलावांत कोणी बोली केली नाहीं तर सरकार नाममात्र बोलीनें शेत घेऊं शकतें. अशा रीतीनें सरकारकडे गेलेल्या जमिनींस 'आकारी पड' म्हणतात. थोड्या बाकीपायीं गेलेल्या या जमिनी मूळ खातेदारांस किंवा त्यांच्या वारसांस परत देण्यासाठीं कायदा दुरुस्त करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळास २०२५ च्या जानेवारींत घ्यावा लागला. साऱ्याची रक्कम लहान असते म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करणें किती महाग पडतें, हें यावरून दिसेल.

२. देण्यांचे प्रकार

सर्वच देणीं शेताबरोबर सारख्या जोरानें येत नाहींत. म्हणून नोटीस येतांच घाबरून जाऊं नये व बेफिकीरहि राहूं नये. देणें कोणत्या प्रकारचें आहे तें प्रथम ठरवावें.

(अ) सारा व त्यावरील उपकर. हें देणें वरील तत्त्वानें शेताबरोबरच येतें.

(आ) साऱ्याप्रमाणें वसूल होणाऱ्या इतर रकमा. कालव्याची पाणीपट्टी, तगाई, चोरून मुरूम काढल्याचा दंड, कमी भरलेलें मुद्रांक शुल्क हीं यांचीं उदाहरणें. येथें एक भेद आहे. वसुलीची रीत साऱ्याची असली तरी यांचा दर्जा साऱ्याचा नव्हे. कलम १६९ च्या दुसऱ्या पोटकलमानें त्यांस फक्त बिनतारणी देण्यांच्या वर स्थान दिलें आहे. तथापि विहीर किंवा बांधबंदिस्तीसाठीं १८८३ च्या जमीन सुधारणा कर्ज कायद्याखालीं घेतलेली तगाई, ज्या शेताच्या फायद्यासाठीं ती घेतली त्या शेतांतूनहि वसूल होते. तसेंच दंडाचा बोजा एकदां इतर हक्कांत चढला कीं तो उतरल्यावांचून पुढील व्यवहार अडतो.

(इ) सहकारी संस्थेचा बोजा. आमच्या भागांत सर्वांत अधिक घोटाळा येथें होतो. पीककर्ज घेतांना सभासद जें घोषणापत्र लिहून देतो, त्यानें महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, १९६० च्या कलम ४८ प्रमाणें जमिनीवर बोजा बसतो, आणि सर्व कर्ज व्याजासह फिटेपर्यंत ती जमीन विकण्यास मनाई असते. मनाई मोडून केलेली विक्री रद्द होय, असें त्या कलमांत म्हटलें आहे. २०२५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें याचा अर्थ असा लाविला कीं, संस्थेनें हरकत घेतल्यास ती विक्री रद्द होण्याजोगी असते. म्हणजे खरेदीदाराचें शेत संस्थेच्या इच्छेवर टांगलेलें राहतें. संस्थेचे पैसे फेडून तिची लेखी मोकळीक घेणें हाच त्यावरील मार्ग आहे.

(ई) बँकेचें किंवा खाजगी गहाण. नोंदलेल्या गहाणाची माहिती खरेदीदारास होती असें कायदा धरून चालतो, मग त्यानें दप्तर पाहिलेलें असो वा नसो. मूळ कागद ठेवून केलेलें गहाण अधिक फसवें असते. म्हणून विकणारा मूळ खरेदीखत दाखविण्याची टाळाटाळ करूं लागला तर तेथेंच थांबावें.

(उ) नगरांतील मालमत्ता कर. महापालिकेच्या हद्दींत जागा घेणाऱ्यांसाठीं हें सांगतों. अकोला महानगरपालिका ज्या कायद्याखालीं चालते, तो मूळचा १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका कायदा होय. त्याच्या कलम १४१ प्रमाणें मालमत्ता कर हा जागेवरील पहिला बोजा आहे, मात्र सरकारी साऱ्याच्या खालोखाल. याच कलमावर अहमदाबाद महानगरपालिकेच्या खटल्यांत १९७१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, ज्या खरेदीदारानें मोबदला दिला व ज्यास बाकीची माहिती नव्हती, त्याच्या हातांतील जागेवर हा बोजा बजावतां येत नाहीं, आणि त्यास माहिती असलीच पाहिजे असें सरसकट गृहीत धरतां येत नाहीं. हा निकाल खरेदीदाराची ढाल खरा. परंतु जो जाणूनबुजून चौकशी टाळतो त्यास माहिती होती असेंच समजलें जातें, आणि सरकारी साऱ्याच्या बाबतींत तर या ढालीवर मुळींच भरंवसा ठेवूं नये.

(ऊ) कोर्टाची जप्ती व चालू दावा. जप्तीनंतर झालेली खाजगी विक्री जप्ती करविणाऱ्याच्या हक्कापुढें टिकत नाहीं, आणि दावा चालू असतां घेतलेली जमीन त्याच्या निकालास बांधलेली असते.

३. विकणारा व घेणारा यांच्यामधील हिशेब

सरकार किंवा संस्था शेताकडे पाहते म्हणून विकणारा सुटला, असें मात्र नाहीं. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणें, उलट करार नसेल तर, विक्रीच्या तारखेपर्यंतचीं सर्व सरकारी देणीं विकणाऱ्यानें भरावयाचीं असतात. शेत बोज्यासह विकलेलें नसल्यास बोजेहि त्यानेंच फेडावयाचे असतात. त्या तारखेपुढील देणीं घेणाऱ्याचीं. शेत बोज्यावांचून म्हणून विकलें असेल, तर घेणाऱ्यास बोज्याची रक्कम किंमतींतून राखून ती हक्कदारास परभारें देतां येते. एवढा मोठा हक्क आमचे कास्तकार संकोचापायीं सोडून देतात!

उदाहरण घेऊं. समजा, अकोट तालुक्यांत पांच एकर शेत ५०,००,००० रुपयांस ठरलें. चौकशींत संस्थेचें व्याजासह २,१०,०००, पाणीपट्टीचे ६,४०० आणि सारा व उपकर मिळून ९०० रुपये बाकी निघाली. एकूण २,१७,३०० रुपये झाले. घेणाऱ्यानें ही रक्कम आपल्या हातानें त्या त्या ठिकाणीं भरून पावत्या घ्याव्या, व विकणाऱ्यास ४७,८२,७०० रुपये द्यावे. खतांत दोन्ही आंकडे लिहावे. विकणाऱ्याचा यांत एक पैसाहि बुडत नाहीं, व घेणाऱ्याची पुढील कित्येक वर्षांची काळजी मिटते. याउलट, "मागील पुढील सर्व बाकी घेणाराकडे" असें एक वाक्य खतांत शिरलें, तर कलम ५५ चें संरक्षण जातें. म्हणून खत सहीपूर्वीं वाचून घ्यावें.

४. खरेदी झाल्यावर बाकी उघड झाली तर

पहिली गोष्ट, नोटीस घेण्याचें टाळूं नये. तहसील कार्यालयांत लेखी अर्ज देऊन बाकी कोणत्या सालची, कोणत्या गटाची व कोणत्या बाबीची याचा तपशील मागावा. मागणी, वसूल व बाकी यांचा हिशेब गांव नमुना आठ-ब मध्यें असतो. महसुली वर्ष १ ऑगस्टपासून ३१ जुलैपर्यंत धरतात, म्हणून खरेदीची तारीख त्यांत कोठें पडते तें पाहावें.

दुसरी गोष्ट, सारा व उपकर यांची बाकी खरी असल्यास ती ताबडतोब भरावी. पावतीवर साल व गट क्रमांक स्पष्ट लिहवून घ्यावा. दुसऱ्यानें कायद्यानें देणें असलेली रक्कम, जिच्यांत आपला हितसंबंध आहे, ती आपण भरल्यास करार कायदा, १८७२ च्या कलम ६९ प्रमाणें त्याच्याकडून परत मागतां येते. प्रथम नोंदणीकृत टपालानें मागणी करावी. न ऐकल्यास भरल्या दिवसापासून तीन वर्षांच्या आंत दावा लावावा. ही मुदत चुकवूं नये.

तिसरी गोष्ट, संस्था किंवा बँक यांच्याकडून आजअखेरच्या बाकीचा लेखी उतारा घ्यावा. किंमतीचा कांहीं भाग देणें राहिला असेल, तर तो विकणाऱ्याच्या हातीं न देतां त्याच्या माहितीनें कर्जखातीं भरावा. "कर्जमाफी येणार आहे, मग बोजा आपोआप उतरेल," या आश्वासनावर विसंबूं नये. २०१७ व २०१९ सालच्या कर्जमाफींचीं पात्रतेचीं कलमें वेगवेगळीं होतीं, आणि माफीची आशा म्हणजे फेड नव्हे.

चौथी गोष्ट, फेड झाली कीं ना-देय दाखला घ्यावा, आणि गहाणखत नोंदलेलें असल्यास त्याचें मोकळीकपत्रहि नोंदवून घ्यावें. हे कागद जोडून पटवाऱ्याकडे (सरकारी दप्तरांत ज्यांस आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) किंवा ई-हक्क प्रणालींतून बोजा कमी करण्याचा अर्ज द्यावा. फेरफार लिहिला जातो, हितसंबंधीयांस पंधरा दिवसांची नोटीस निघते, व हरकत नसल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. त्यानंतर नवा सातबारा काढून 'इतर हक्क' हें सदर स्वतः पाहावें. पैसे फिटले आणि नोंद मात्र राहिली, असा अर्धा कारभार पुढच्या पिढीस त्रास देतो.

पांचवी गोष्ट, मागणी चुकीची वाटल्यास तोंडी वाद घालीत बसूं नये. लेखी हरकत द्यावी, आणि तहसीलदाराचा हुकूम विरुद्ध गेल्यास साठ दिवसांच्या आंत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करावें.

५. जुन्या मृत नोंदी

कित्येक उताऱ्यांवर तगाई, बंडिंग, सावकारी कर्ज, नजरगहाण अशा आजोबांच्या काळच्या नोंदी दिसतात. वऱ्हाडांतीलच बुलढाणा जिल्ह्यांत सुरू होऊन २०२५ सालीं राज्यभर नेलेल्या 'जिवंत सातबारा' मोहिमेंत मयत खातेदारांच्या वारसांच्या नोंदी व नंतर अशा कालबाह्य नोंदी कमी करण्याचें काम हातीं घेतलें गेलें. भूविकास बँकेचीं कर्जें सरकारनें २०२२ सालीं माफ केलीं. त्यांची नोंद आपल्या उताऱ्यावरून निघाली कीं नाहीं, तें प्रत्येकानें पाहावें. अशा मृत नोंदीसाठीं कोणी पैसे मागितल्यास आधीं येणें खरोखर शिल्लक आहे याचा कागद मागावा.

६. खरेदीपूर्वीं

'सातबारा कोरा' असें ऐकून पुष्कळ जण निश्चिंत होतात. पण सातबारा कोरा म्हणजे जमीन कोरी नव्हे. साऱ्याची बाकी सातबाऱ्यावर नसून आठ-ब मध्यें असते, आणि घोषणापत्राचा बोजा चढण्यास विलंब झालेला असूं शकतो. म्हणून इसार देण्यापूर्वीं पुढील कागद पाहावे: सातबारा व त्यावरील प्रत्येक फेरफार, आठ-अ, चालू सालच्या साऱ्याची व पाणीपट्टीची पावती, गांवच्या सेवा सहकारी संस्थेचा व जिल्हा बँकेचा ना-देय दाखला, दुय्यम निबंधकाकडील तीस वर्षांच्या सूची क्रमांक दोनचा शोध, आणि मूळ खरेदीखत. तीस वर्षें अशासाठीं कीं, १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानें गहाण सोडविण्याची मुदत तेवढी आहे. उताऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असें असल्यास आधीं जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीची चौकशी करावी.

या कामास दोन-चार फेऱ्या व थोडा खर्च लागतो. शेत मात्र पुष्कळदां आयुष्याच्या कमाईनें, कधीं घरांतील दागिने मोडून, घेतलें जातें. विकणारा नातलग असला किंवा शेजारचा धुरेकरी असला तरी कागद पाहण्यांत अविश्वास नाहीं. उलट, हिशेब आधीं उघड झाला म्हणजे दोघांतील सलोखा टिकतो. आणि शेत आपल्या नांवें झाल्यावर दरसाल सारा वेळेवर भरून पावत्या खताबरोबर जपून ठेवाव्या, म्हणजे आपल्यामागून तें शेत घेणारास किंवा आपल्या मुलांस हा लेख वाचण्याची गरज पडणार नाहीं.