घर कोणाला परवडते? मुंबईच्या चाळींचा एक अभ्यास

घराचे भाडे आणि कुटुंबाची मिळकत हे दोन आकडे शेजारी मांडले की घर परवडते की नाही ते कळते, असे सामान्यतः मानले जाते. मुंबईच्या चाळींचा इतिहास अभ्यासताना आम्हांस हे उत्तर अपुरे वाटते.

1920 च्या दशकात सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे कामगारांसाठी बीडीडी चाळी उभारल्या. खोली सुमारे 160 चौरस फुटांची. शहरात घरांची टंचाई असूनही वरळीतील कित्येक खोल्या आरंभी रिकाम्याच राहिल्या. भाडे कामगाराच्या मजुरीला जड होते आणि वरळी तेव्हा गिरण्यांपासून आडबाजूला पडे. कामाच्या ठिकाणापासूनचे अंतर हाही भाड्याचाच भाग असतो. आज विरार-कल्याणहून लोकलने येणारा नोकरदार तो रोज वेळेच्या रूपाने चुकता करतो.

पुढे 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. या कायद्याला सरसकट दोष देणे आम्हांस मान्य नाही. 1982 च्या संपात पगार बंद झाले, तरी अनेक गिरणी कामगारांचे छप्पर टिकले, ते या संरक्षणामुळे. पण त्या भाड्यात दुरुस्ती भागेना, इमारती खचू लागल्या आणि भाड्याने देण्यासाठी नवी घरे बांधण्यात मालकांना रस उरला नाही. जुन्या भाडेकरूला घर स्वस्त राहिले. नव्याने येणाऱ्याला मात्र पागडी मोजावी लागे. महिन्याचे भाडे नाममात्र, परंतु दारातून आत जाण्यासाठीच मोठी एकरकमी रक्कम हवी. ज्याच्यापाशी शिल्लक नाही आणि जामीन राहणारे कोणी नाही, त्याला स्वस्त भाड्याचा उपयोग काय? 1999 च्या कायद्याने पागडीला मान्यता दिली. आजची ‘डिपॉझिट’ची अटही माणसाला उंबरठ्यावरच अडवते.

आणखी एक घटक अर्थशास्त्राच्या तक्त्यांत क्वचितच येतो. 1917 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. पदवी होती, पगार होता, घर मिळेना. अखेर जात लपवून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. जेवणासह दिवसाचा दर दीड रुपया, आणि तो देण्याची त्यांची ऐपत होती. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव जिन्यावर आला आणि संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करण्याचे फर्मान सुटले.