कॅटकॉन पुन्हा पुन्हा का जळतो? पार्ट बदलण्याआधी हे सहा तपास करा

स्वतःचं गॅरेज टाकायचं म्हणताय, किंवा दोन-चार पिकअप घेऊन माल वाहतूक सुरू करायची आहे? मग आजचा धडा तुमच्यासाठी आहे. व्हिडिओत मी तपास करून दाखवला आहे. इथे क्रमाने लिहून देतोय, म्हणजे प्रिंट काढून भिंतीवर लावता येईल.

तक्रार अशी असते: पेट्रोल-सीएनजीवरचा छोटा टेम्पो, चढाला ओढत नाही, अ‍ॅव्हरेज पडलाय, खालून जळका वास येतो. उघडून बघितलं तर कॅटकॉनची आतली जाळी वितळलेली. नवीन बसवला, गाडी पळाली. काही महिन्यांनी तीच गाडी, तीच तक्रार. मालक म्हणतो, "पार्ट डुप्लिकेट टाकला तुम्ही!" कधी पार्ट खराब असतोही. पण बहुतेक वेळा दोष त्याच्या पुढे, इंजिनमध्ये असतो. एक वाक्य पाठ करा: कॅटकॉन आपणहून जळत नाही, त्याला इंजिन जाळतं.

आधी काम समजून घ्या

कॅटकॉनच्या आत सिरॅमिकची बारीक जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या महाग धातूंचा थर. म्हणून तर पार्ट महाग. इंजिनमधून आलेला विषारी वायू इथे कमी घातक होतो. साधारण 250 ते 300 अंश सेल्सिअसला तो कामाला लागतो, आणि 400 ते 800 अंशांत आरामात चालतो. पण न जळलेलं इंधन तिथपर्यंत पोचलं, की ते सिलिंडरऐवजी कॅटकॉनच्या आत जळतं. तापमान 1000 च्या वर गेलं की धातूचा थर निकामी व्हायला लागतो. त्याहून पुढे गेलं तर जाळीच वितळते, सायलेन्सरची वाट बंद होते आणि गाडीचा श्वास कोंडतो.

म्हणजे प्रश्न "कॅटकॉन का गेला?" हा नाही. "कच्चं इंधन कुठून येतंय?" हा आहे.

(हा धडा पेट्रोल आणि सीएनजीसाठी. बीएस 6 डिझेलमध्ये डीपीएफ वगैरे वेगळी यंत्रणा असते, तो विषय वेगळा घेऊ.)

तपास 1: स्कॅनर लावा, पण कोड पुसू नका

पी0420 आला की नवे मेकॅनिक थेट पार्ट मागवतात. तो कोड फक्त एवढंच सांगतो की कॅटकॉनचं काम कमी झालंय. कारण सांगत नाही. सोबत पी0300 किंवा पी0301 ते पी0304 आहे का बघा. हे मिसफायरचे कोड, शेवटचा आकडा सिलिंडरचा नंबर. ड्रायव्हरला एक गोष्ट नक्की विचारा: "चेक इंजिनची लाईट चमकत होती का?" सतत लुकलुकणारी लाईट म्हणजे कॅटकॉन जाळणारं मिसिंग चालू आहे. अशा वेळी गाडी ओढत नेऊ नये.

तपास 2: दोन्ही इंधनांवर चालवून बघा

फक्त सीएनजीवर मिसिंग असेल तर गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर, इंजेक्टर बघा. पण त्याआधी प्लग आणि कॉइल. सीएनजी पेटवायला ठिणगी जास्त ताकदीची लागते, त्यामुळे थकलेला प्लग पेट्रोलवर निभावून नेतो आणि गॅसवर उघडा पडतो. दोन्हीवर मिसिंग असेल तर प्लग, कॉइलसोबत कॉम्प्रेशन आणि टॅपेट बघा. सीएनजीवर जास्त चाललेल्या गाडीत व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत जातात, टॅपेटचा गॅप कमी होतो, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बंद न झाल्याने जळतो.

इथे एक वाईट सवय सोडा. कोणता सिलिंडर मेलाय ते बघायला चालू इंजिनची कॉइल काढू नका. त्या सिलिंडरचं सगळं इंधन थेट कॅटकॉनमध्ये जातं. इंजेक्टरचं कनेक्टर काढा, तपास तोच होतो.

तपास 3: फ्युएल ट्रिम वाचा

इंजिन गरम करून स्कॅनरवर लाँग टर्म ट्रिम बघा. उणे 10 टक्क्यांच्या पुढे असेल तर इंधन जास्त पडतंय: गळणारा इंजेक्टर, जास्त फ्युएल प्रेशर, चुकीचं वाचणारा सेन्सर. अधिक 10 च्या पुढे असेल तर ईसीयू इंधन वाढवतोय, आणि ते कशामुळे हे पुढच्या तपासात कळेल.

तपास 4: सायलेन्सरची गळती

पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी मॅनिफोल्डला तडा किंवा गॅस्केट फुटलेलं असेल, तर बाहेरची हवा आत खेचली जाते. सेन्सरला वाटतं इंधन कमी पडतंय. ईसीयू बिचारा इंधन वाढवतो, आणि जास्तीचं इंधन कॅटकॉनमध्ये जळतं. मिसफायरमध्येही हेच होतं, कारण न वापरलेला ऑक्सिजन सेन्सरला फसवतो. थंड इंजिन चालू करा आणि जॉइंटजवळ टिकटिक आवाज ऐका. काळी काजळी शोधा.

तपास 5: तेल आणि कूलंट

निळा धूर, तेल कमी होणं, कूलंट घटणं, सगळं विचारा. इंजिन ऑइलमधला फॉस्फरस जाळीवर थर करतो. तो धातू झाकला गेला की नवीन कॅटकॉनही हळूहळू निकामी होतो.

तपास 6: प्रेशर आणि तापमान

पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावा. आयडलला साधारण सव्वा पीएसआयच्या आत आणि 2500 आरपीएमला 3 च्या आत हवं. जास्त असेल तर वाट तुंबली आहे. टेम्परेचर गनने कॅटकॉनचं पुढचं आणि मागचं तोंड मोजा. मागचं थोडं जास्त गरम चालतं. खूपच जास्त असेल तर आत इंधन जळतंय. चकाकत्या स्टीलवर गन चुकीचं दाखवते, म्हणून उष्णता सहन करणारा काळा रंग दोन ठिकाणी लावून मोजा.

कारण सापडलं, दुरुस्त केलं, मगच नवीन कॅटकॉन. मागच्या सायलेन्सरमध्ये जुन्या जाळीचे तुकडे अडकलेत का तेही बघा. ट्रायल नेहमी माल भरून, चढावर घ्या. रिकाम्या गाडीत बरंच मिसिंग लपून राहतं.

आता धंद्याचं गणित

आकडे फक्त समजण्यापुरते. समजा पार्टवर तुम्हाला 2,000 रुपये सुटतात. गाडी परत आली आणि 20,000 चा पार्ट तुमच्या गळ्यात पडला, तर तेवढं भरून काढायला अशी 10 कामं करावी लागतील. वर ग्राहक गेला तो गेलाच. त्याची गाडी उभी म्हणजे त्याचा हप्ता थकला, हे विसरू नका. म्हणून तीन नियम:

1. तपासाची फी वेगळी घ्या आणि आधीच सांगा. फुकट तपास म्हणजे घाईचा तपास.
2. जॉबकार्डवर रीडिंग लिहा: कोड, ट्रिम, प्रेशर, काम करण्याआधीचं आणि नंतरचं. मालक म्हणाला, "काका सोडा ते, फक्त पार्ट टाका," तर मूळ दोष राहिल्याचं लिहून त्याची सही घ्या. सही देत नसेल तर काम नम्रपणे नाकारा.
3. जुना कॅटकॉन मालकाला परत द्या. भंगारात त्याला चांगला भाव असतो, आणि तो हक्क त्याचा आहे.

"कॅटकॉन काढून सरळ पाइप मारून द्या" असं कुणी म्हणालं, तर नाही म्हणा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली प्रदूषणाच्या नियमभंगाला 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा कैद होऊ शकते, आणि पीयूसीलाही अडचण येणार.

गृहपाठ: या आठवड्यात एका चांगल्या चालणाऱ्या गाडीचे ट्रिम, प्रेशर आणि तापमान मोजून वहीत लिहा. निरोगी गाडीचे आकडे माहीत असले, तरच आजारी गाडी ओळखता येते. भेटू पुढच्या व्हिडिओत!