विहिरीच्या पाण्याची ऊब

(जमिनीखालचे पाणी हिवाळ्यात कोमट आणि उन्हाळ्यात गार का लागते? हवामान बदलले, की त्या पाण्याचे काय होते? याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलांनो, बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यात हिवरा आश्रम नावाचे गाव आहे. अशा गावातल्या एखाद्या हापशाजवळ तुम्ही उभे आहात, असे समजा. डिसेंबरची पहाट आहे. थंडीने बोटे काकडली आहेत. हापशाचे पाणी हातावर घेतले, तर ते कोमट लागते. आता मे महिन्यातल्या दुपारी तिथेच या. ऊन रणरणते आहे. तेच पाणी गार लागते. मग पाणी हिवाळ्यात तापते आणि उन्हाळ्यात निवते का?

नाही. पाण्याचे तापमान जवळजवळ सारखेच असते. बदलते ती बाहेरची हवा!

असे का होते? जमीन उष्णता फार सावकाश खाली नेते. दिवसाची ऊब मातीत हातभरच खोल जाते. उन्हाळा-हिवाळ्याचा फरक दहा-पंधरा मीटर खोलीवर जवळजवळ संपतो. त्याखालच्या मुरमातील आणि काळ्या खडकाच्या भेगांतील पाण्याचे तापमान त्या गावच्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या जवळपास राहते. म्हणजे आजचे ऊन त्या पाण्याला कळत नाही. पण अनेक वर्षांचे ऊन मात्र कळते.

हीच काळजीची गोष्ट आहे. कोळसा आणि खनिज तेल जाळल्यामुळे पृथ्वीच्या हवेचे सरासरी तापमान गेल्या दीडशे वर्षांत एक अंश सेल्सिअसहून अधिक वाढले आहे. ही वाढ हळूहळू जमिनीत उतरत आहे. 2024 साली ‘नेचर जिओसायन्स’ या नियतकालिकात शास्त्रज्ञांनी जगाचा अंदाज प्रसिद्ध केला. प्रदूषण मध्यम राहिले, तरी सन 2000 ते 2100 या काळात वरच्या थरातील भूजल सरासरी 2.1 अंशांनी तापेल, असे त्यांनी म्हटले आहे.

तुम्ही म्हणाल, दोन अंशांनी काय बिघडते? ऐका. पाणी तापले, की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. काही रोगजंतू जोमाने वाढू शकतात. खडकातील काही अपायकारक द्रव्ये पाण्यात अधिक विरघळू शकतात. उन्हाळ्यात नदीच्या डोहांना जमिनीतले झरे गारवा देतात. तो गारवा कमी झाला, तर माशांचे हाल होतात. मेहकरजवळून वाहणारी पैनगंगा आठवा. लोणार सरोवराच्या काठावरची धारही भूगर्भातूनच येते.

हवा एका पावसाने निवते. जमिनीत खोल गेलेली उष्णता मात्र लवकर बाहेर येत नाही. म्हणून आधीच जपले पाहिजे. इंधन जपून वापरावे. झाडे लावावीत, सावलीतली जमीन कमी तापते. विहिरीभोवती घाण साचू देऊ नये. पिण्याचे पाणी शुद्ध करून घ्यावे.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यातील विहिरींच्या पाण्याची पातळी नियमित मोजते. तुम्ही तुमच्या हापशाच्या पाण्याचे तापमान मोजा. आधी काही वेळ हापसून साचलेले पाणी जाऊ द्या. मग तापमापी पाण्यात धरा आणि आकडा तारखेसह वहीत लिहा. एका वर्षात फरक दिसणार नाही. पण ही वही शाळेत जपून ठेवा. वीस वर्षांनी तिथे शिकणारी मुले तुमचा आकडा आपल्या आकड्याशी ताडून पाहतील.

शब्दार्थ

हापसा – हातपंप
काकडणे – थंडीने आखडणे
निवणे – थंड होणे
भूजल – जमिनीखालचे पाणी
तापमापी – तापमान मोजण्याचे साधन
ताडून पाहणे – तुलना करणे

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हिवरा आश्रम हे गाव कोणत्या तालुक्यात आहे?
(आ) पृथ्वीच्या हवेचे तापमान कशामुळे वाढले आहे?

2. कारणे लिहा.
(अ) हापशाचे पाणी उन्हाळ्यात गार लागते.
(आ) भूजल तापण्याआधीच जपले पाहिजे.

3. विरुद्धार्थी शब्द लिहा : गार, खोल, वाढणे, शुद्ध.