प्रमाणपत्रे साठली, शिकवणे मात्र तेच

प्रश्न : पिंपरीतील अभियांत्रिकी महाविद्यालयात मी यंत्र अभियांत्रिकी शिकवते. दर सुट्टीत ऑनलाइन एफडीपी (शिक्षक विकास कार्यक्रम) करते. प्रमाणपत्रे साठली, पण वर्गात फरक जाणवत नाही. पुढे काय करू?

उत्तर : तुमची खंत रास्त आहे. प्रमाणपत्र पदोन्नतीच्या फाइलला लागते. वर्गाला लागतो सराव. दोन्हींची सांगड घाला.

अध्यापनाचा पाया कच्चा वाटत असेल, तर आधी एआयसीटीईचा (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) ‘एनआयटीटीटी’ हा तंत्रशिक्षकांसाठीचा प्रशिक्षणक्रम पूर्ण करा. ‘स्वयम’ या ऑनलाइन व्यासपीठावर त्याची आठ मॉड्यूल्स आहेत. अध्यापनशास्त्र, मूल्यमापन, अभ्यासक्रमाची आखणी असे विषय त्यात येतात. विषयातील नव्या ज्ञानासाठी एआयसीटीईच्याच ‘अटल’ अकादमीचे वर्ग निवडा, पण वर्षाला एकच, आणि तोही शिकवत असलेल्या विषयाशी जोडलेला.

खरी संधी तुमच्या दाराशी आहे. चाकण-भोसरीत वाहनांचे सुटे भाग बनवणारे असंख्य कारखाने आहेत. प्राचार्यांच्या पत्राने उन्हाळ्यात दोन आठवडे एखाद्या कारखान्यात बसा. नुसती फेरी मारू नका. एकाच भागाचा माग काढा. ड्रॉइंगवरचा टॉलरन्स, तपासणीचे गेज, रिजेक्शनची नोंद आणि त्यावर केलेली दुरुस्ती पाहा. कंपनीच्या परवानगीने, नाव गाळून, ती नोंद वर्गात मांडा आणि कारण मुलांना शोधू द्या.

प्राचार्यांना एवढेच सांगा : प्रशिक्षणाहून आलेल्या शिक्षकाने महिन्याभरात सहकाऱ्यांसमोर एक तास घ्यावा. शिकलेले टिकते ते अशा तासांमुळेच.