अर्ज जातात, फोन येत नाही

शंका : मेकॅनिकल डिप्लोमा झाला आहे. इथल्याच एका वर्कशॉपमध्ये दीड वर्ष काम करतो. चाकणला नोकरी हवी आहे. रोज रात्री मोबाइलवरून पंधरा-वीस अर्ज टाकतो, चार महिन्यांत एकही फोन नाही. वशिल्याशिवाय काम होतच नाही का?
– एक वाचक, बार्शी

समाधान : वशिल्याचे नंतर पाहू. तुम्ही पत्रासोबत जोडलेला बायोडाटा वाचला. अर्धे पान ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’, छंद आणि वडिलांच्या नावात गेले आहे. कामाबद्दल एकच ओळ : ‘वर्कशॉपमध्ये प्रॉडक्शनचे काम.’ आणि पत्रात मात्र तुम्ही लिहिता की व्हीएमसी मशीन स्वतः सेट करता, टूल ऑफसेट देता, मायक्रोमीटर आणि बोअर गेजने जॉब तपासता! हे सगळे बायोडाट्यात अगदी वर यायला हवे. मशीन कोणते, कंट्रोल फॅनक की सीमेन्स, ड्रॉइंग वाचता येते का, नाइट शिफ्ट चालेल का, हे लिहा. नोकरी डॉट कॉमसारख्या साइटवर एचआरचा माणूस एकेक बायोडाटा वाचत बसत नाही. तो ‘व्हीएमसी’, ‘फॅनक’, ‘चाकण’ असे शब्द टाकून शोधतो. ते शब्द नसतील तर तुम्ही त्याला दिसतच नाही. प्रोफाइलमध्ये राहण्याचे ठिकाण बार्शीच असू द्या, पण पसंतीच्या ठिकाणांत चाकण, भोसरी, रांजणगाव घाला. बायोडाट्याचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवू नका; वर्डमध्ये टाइप करून पीडीएफ पाठवा.

रात्रीचे वीस अर्ज बंद करा. दोन-तीनच करा, पण जाहिरात पूर्ण वाचून. कुठे, कधी, कोणत्या जागेसाठी अर्ज केला आणि पुढे काय झाले, हे वहीत लिहा. फोनच येत नसेल तर दोष बायोडाट्यात आहे. मुलाखत होऊन नकार येत असेल तर तयारी मुलाखतीची हवी. ही दोन दुखणी वेगळी आहेत, आणि वहीशिवाय ती कळत नाहीत.

आता वशिला. तुमच्या बॅचचे कुणी ना कुणी चाकणला असेलच. त्याला ‘काहीतरी बघ ना’ म्हणू नका. तो ‘हो’ म्हणेल आणि विसरेल. ‘तुमच्याकडे व्हीएमसी सेटरची जागा आहे का? बायोडाटा कुणाला पाठवू?’ असे विचारा. याला वशिला म्हणत नाहीत.

शंका : मी बी.कॉम. आहे, टॅलीवर काम करत होते. 2016 मध्ये बाळंतपणासाठी नोकरी सोडली. इतक्या वर्षांचा खंड मुलाखतीत कसा सांगावा?
– एक वाचक, नाशिक

समाधान : एका वाक्यात, जसा आहे तसा. त्यात ओशाळण्यासारखे काही नाही. खरी अडचण खंडाची नाही. तुम्ही नोकरी सोडल्यावर 1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू झाला, व्हॅट आणि सेवाकराची बहुतेक कामे गेली. टॅली ईआरपी 9 ची जागा टॅलीप्राइमने घेतली. आधी तेवढे भरून काढा. टॅलीप्राइमच्या एज्युकेशनल मोडमध्ये मोफत सराव करता येतो. नोंदी महिन्यातल्या ठरावीक तारखांनाच होतात, पण हात बसायला तेवढे पुरे.

मग थेट सीएंच्या ऑफिसात जा, मात्र तारीख बघून. मासिक जीएसटीआर-1 ची मुदत 11 तारखेला आणि जीएसटीआर-3बी ची 20 तारखेला असते. त्या दिवसांत तिथे मान वर करायला सवड नसते. 21 नंतर जा. जुलैपासून पुढे रिटर्न आणि ऑडिटची घाई असते, म्हणून मे-जूनमध्ये विचारलेले बरे. पूर्ण वेळ जमत नसेल तर अर्धवेळ काम आधी तुम्हीच सुचवा.

शंका : मुलाखत न घेताच नियुक्तिपत्र आले. लॅपटॉपसाठी डिपॉझिट भरायला सांगतात. भरू का?
– एक वाचक, लातूर

समाधान : मुळीच भरू नका. मुलाखतीशिवाय नियुक्तिपत्र आणि वर पैशांची मागणी, हा सरळ फसवणुकीचा प्रकार आहे. कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरचा नंबर शोधून खात्री करा. पत्रावरच्या नंबरवर नको. आधारची प्रत, ओटीपी काहीही देऊ नका. पैसे गेलेच असतील तर बँकेला कळवा आणि आजच्या आज 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. उशीर होईल तसे पैसे अडवणे अवघड होत जाते.