पंखा बंद करून वाच

अगे बाय, रात्री साडेअकराला तू धाडलेला कवितावाचनाचा व्हिडिओ मी तीनदा बघितला. पहिल्यांदा नुसती बहीण म्हणून बघितला, डोळे भरून आले. दुसऱ्यांदा कान देऊन ऐकला, तेव्हा तुझ्या खोलीतला पंखा ऐकू आला. तिसऱ्यांदा आवाज बंद ठेवला. तूही एकदा तसं करून बघ. कवितेवाचून ती चित्रं एखाद्या हॉटेलच्या जाहिरातीसारखी दिसतात गे!

राग मानू नकोस. कवितेत नदी आली की तू शापोरा दाखवतेस, वाट आली की मांद्र्याची पायवाट, फूल आलं की जास्वंद. कानाला जे कळलं तेच डोळ्याला परत कशाला सांगायचं? मीही हाच घोळ घातला होता. साखळीला आल्यावर पहिला व्हिडिओ केला, अडीच मिनिटांत एकतीस चित्रं कोंबली. घरच्यांनी कौतुक केलं, पण दुसऱ्या दिवशी विचारलं तर कविता कुणालाच आठवेना. मयेच्या तळ्यातली होडी तेवढी सगळ्यांच्या लक्षात होती.

म्हणून आधी कविता तोंडपाठ कर, श्वासासाठी. भांडी घासताना म्हण, चालताना म्हण. जिथे आपोआप दम घ्यावासा वाटतो तिथे पेन्सिलीने रेघ मार. तू घेतलेली कविता बा. भ. बोरकरांची, आणि ते आपल्या कविता गाऊन म्हणत. त्यांच्या ओळीत चाल मुळातच असते. त्यावर तू पेटी चढवलीस, बासरी चढवलीस, वर लाटांची गाज. बिचारी कविता गेली तळाला. पु. ल. आणि सुनीताबाई बोरकरांच्या कवितांचं जाहीर वाचन करायचे, आणि लोक ते ऐकायला आवर्जून जायचे. तेव्हा नुसत्या वाचनाला घाबरू नकोस. पहिलं कडवं वाद्याशिवायच जाऊ दे. सूर दुसऱ्या कडव्याला आला की लोकांना त्याची किंमत कळते.

आता एक रुक्ष गोष्ट, पण ऐकून घे. घरात आईला, मामीला दाखवायचं ते वेगळं आणि जालावर चढवायचं ते वेगळं. आपल्याकडे कवीच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कवितेचा हक्क वारसांकडे असतो. बोरकर १९८४ साली गेले, म्हणजे २०४४ संपेपर्यंत परवानगी हवी. पुस्तकावर प्रकाशकाचा पत्ता असतो, तिथूनच सुरुवात कर. दोन ओळींचं नम्र पत्र लिहायला कसली लाज? कवी भा. रा. तांबे १९४१ साली गेले, त्यांचे शब्द आता मोकळे आहेत. पण त्यांच्या कवितांच्या लतादीदींनी गायलेल्या, वसंत प्रभूंनी बांधलेल्या चाली मोकळ्या आहेत असं समजू नकोस. शब्द आणि चाल यांचे हक्क निरनिराळे, आणि ध्वनिमुद्रणाचा आणखी तिसरा.

खरं सांगू? मी तुझ्या जागी असते तर संतकवी सोहिरोबानाथांचं एखादं पद घेतलं असतं. अठराव्या शतकातला बांद्याचा माणूस, म्हणजे पत्रादेवीची हद्द ओलांडली की त्यांचं गाव. विर्नोड्याच्या सरकारी कॉलेजला त्यांचंच नाव आहे, आणि तिथे शिकून गेलेल्यांनाही त्यांची दोन पदं सलग म्हणता येत नाहीत. (तुझ्यासकट. चिडू नकोस.) अभिषेकीबुवांच्या गळ्यातलं जे पद सगळ्यांना ठाऊक आहे ते सोडून दे, नाहीतर तू कितीही नवी चाल लावलीस तरी ऐकणाऱ्याच्या डोक्यात बुवाच गात राहतील.

अशा पदाला घुमटाची साथ शोभेल. पण चतुर्थीच्या आरतीसारखं नको. तिथे घुमट, शामेळ आणि कासाळं मिळून घर डोक्यावर घेतात. इथे एकच घुमट, तोही बोटांनी, दारामागून ऐकू यावा तसा. घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, त्यावर बंदी आली, आता बकऱ्याचं चामडं चढवतात. पावसाळी हवेत ते सैल पडतं, म्हणून वाजवायच्या आधी जरा शेकून घ्यावं लागतं.

आवाज आधी मुद्रित कर, चित्रं नंतर. कौलांवर पाऊस पडत असताना नाही, आणि पंखा बंद करून. घाम येऊ दे. कपड्यांचं कपाट उघडं ठेवून त्याच्याकडे तोंड करून वाच, साड्या घुमणारा आवाज पिऊन टाकतात. मोबाइल तोंडासमोर धरू नकोस, थोडा बाजूला ठेव, नाहीतर प, फ, भ फुटतात.

चित्रं म्हणशील तर चार पुरेत. केरीच्या धक्क्यावर मोबाइल कठड्याला टेकवून ठेव आणि तेरेखोलची फेरीबोट येते ती सबंध येऊ दे, मध्ये कुठेही कापू नकोस. अख्खं कडवं त्यावर बसेल. माझ्याकडचं हवं असेल तर डिचोलीच्या खाणपट्ट्यातली लाल धुळीने माखलेली झाडाची पानं टिपून देते. सुंदर दिसत नाहीत, पण आपली आहेत. मोपाच्या बाजूला ड्रोन उडवायचं मात्र मनातही आणू नकोस, विमानतळ आहे तो.

रविवारी ये. येताना तुझी पेटी आण, माझ्या पेटीची काळी चार पावसाने चिकटली आहे आणि तुझा सूर नेमका तिथेच लागतो.