बालकांचा अतिसार आणि रोटा विषाणूची लस

पाणी गाळून पिणे हा आपल्या समाजाचा पुरातन आचार होय. अनेक घरांत आजही पाणी उकळूनच वापरतात. आरोग्याच्या दृष्टीने या आचाराचे मोल मोठे आहे. उकळलेल्या पाण्यामुळे पटकी, विषमज्वर यांसारख्या रोगांना आळा बसतो. परंतु त्यातूनच एक समजूत रूढ झालेली दिसते की, स्वच्छ घरातील तान्ह्या मुलास अतिसाराचे भय नाही आणि म्हणून त्यावरील लसही फारशी आवश्यक नाही. ही समजूत कितपत खरी, याचा येथे विचार करावयाचा आहे.

लहान मुलांच्या तीव्र अतिसाराचे एक प्रमुख कारण म्हणजे रोटा विषाणू. लॅटिन भाषेत ‘रोटा’ म्हणजे चाक. सूक्ष्मदर्शकाखाली हा विषाणू चाकासारखा दिसतो. १९७३ साली मेलबर्न येथे डॉ. रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी बालकांच्या आतड्यात तो शोधून काढला. आजारी मुलाच्या मळात हे विषाणू अब्जावधींनी असतात आणि दुसऱ्या मुलास बाधा होण्यास त्यांतील मोजके कणही पुरतात. कापडाच्या गाळणीतून तो सहज पार होतो. उकळल्याने तो नष्ट होतो खरा; पण तो केवळ पाण्यावर विसंबून नाही. हात, खेळणी, पाळण्याचा कठडा यांवरूनही तो मुलाच्या तोंडात जातो. इतर अतिसार पावसाळ्यात बळावतात. आपल्या भागात रोटाचा जोर बहुधा थंडीत असतो.

अमेरिकेत नळाचे शुद्ध पाणी घरोघरी आहे. तरीही २००६ साली तेथे लसीकरण सुरू होण्यापूर्वी दरवर्षी ५५ ते ७० हजार बालके या रोगाने रुग्णालयात दाखल होत. भेद होता तो परिणामात. तेथे मृत्यू मोजके होत. आपल्या देशात, लसीपूर्वीच्या काळातील एका अंदाजानुसार, दरवर्षी सुमारे ७८ हजार बालके दगावत. बाधा श्रीमंत-गरीब पाहत नाही. जीव जातो तो मात्र बहुधा रुग्णालयापासून दूर असलेल्या मुलाचा.

या लसीचा इतिहास अभिमानास्पद आहे. १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. महाराज किशन भान यांना नवजात बालकांत असा एक रोटा विषाणू आढळला की, ज्याची बाधा होऊनही मुले आजारी पडत नव्हती. त्यापासूनच पुढे हैदराबादच्या भारत बायोटेकने ‘रोटाव्हॅक’ लस तयार केली. दिल्ली, वेल्लोर व पुणे जिल्ह्यातील वढू येथे ६,७९९ बालकांवर तिची चाचणी झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘रोटासिल’ ही दुसरी लस सिद्ध केली. २०१६ साली शासकीय लसीकरणात रोटाची लस आली, २०१७ साली मध्य प्रदेशात ती सुरू झाली आणि २०१९ मध्ये देशभर पोहोचली.

परिणाम काय झाला? नऊ राज्यांतील ३१ रुग्णालयांच्या पाहणीत असे दिसले की, अतिसाराने दाखल होणाऱ्या बालकांत रोटाचे प्रमाण पूर्वी सुमारे ४० टक्के होते, ते लसीकरणानंतर २० टक्क्यांवर आले. मात्र हिशेब पुरा मांडला पाहिजे. तीव्र आजारापासून या लसीने मिळणारे संरक्षण आपल्याकडे निम्म्याहून थोडे अधिक आहे. शिवाय इतर जंतूंच्या अतिसारावर ती चालत नाही. यास्तव लस घेतलेल्या मुलासही जुलाब झाल्यास जलसंजीवनी, स्तनपान व डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस जस्ताची गोळी हे उपाय सुरूच ठेवावे लागतात. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, लघवी थांबली, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

दोन शंकांचा विचार आवश्यक आहे. पहिली सुरक्षिततेची. अमेरिकेतील एक जुनी लस आतड्यात आतडे शिरण्याच्या विकारामुळे १९९९ साली मागे घेतली गेली. भारतात ‘रोटाव्हॅक’नंतर या विकाराचा शोध घेणाऱ्या मोठ्या अभ्यासात असा वाढीव धोका आढळला नाही. दुसरी शंका अहिंसेची. या लसींतील विषाणू प्रयोगशाळेतील पेशींवर वाढवितात. त्या पेशींचा वंश १९६२ साली जपानमध्ये एका माकडाच्या मूत्रपिंडापासून सुरू झाला. तोच वंश आजवर वाढवीत आणला असल्याने नव्या लसीसाठी नवे माकड लागत नाही. प्राण्याचा संबंध मुळीच नाही असे म्हणता येणार नाही. तथापि एका बाजूस हा संबंध आणि दुसऱ्या बाजूस वाचणारे बालकाचे प्राण, असे दोन्ही समोर ठेवूनच विवेकी श्रावकाने निर्णय करावा. प्रस्तुत लेखकास लस देणे हाच जीवदयेचा मार्ग वाटतो.

लस तोंडाने द्यावयाची असून तिच्या तीन मात्रा मुलाच्या वयाच्या सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात इतर लसींबरोबरच दिल्या जातात. शासकीय केंद्रांत ती विनामूल्य आहे. एक वर्षाचे वय उलटले की पहिली मात्रा देत नाहीत, म्हणून दिरंगाई परवडत नाही.

आपल्या घरची बालके बहुधा लसीस मुकत नाहीत. मुकतात ती भाताच्या गिरणीतील हमालाची, गोदाम झाडणाऱ्या बाईची, बैहर-परसवाड्याकडून रोजीसाठी येणाऱ्या मजुरांची. लस फुकट असली तरी आईचा त्या दिवसाचा रोज बुडतो. प्रत्येक सभासदाने आपल्या पेढीवरील व गिरणीतील कामगारांच्या अर्भकांची लसीकरणाची कार्डे एकदा पाहावीत आणि लसीच्या तीन दिवशी आईस भरपगारी सुटी द्यावी. तीन दिवसांचा रोज ही रक्कम कोणत्याही खतावणीत जड होणारी नाही. आपल्या परंपरेने चतुर्विध दानांत औषधदानाची गणना केली आहे. हा खर्च त्याच खात्यावर मांडावा.